देवास गेटवरील मध्ययुग : उज्जैन आणि संतसाहित्याचे पदव्युत्तर अध्ययन

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाजवळून देवासकडे जाणाऱ्या जुन्या वाटेने ज्या भागाला ‘देवास गेट’ हे नाव दिले, त्याची ओळख आज मुख्यतः बसस्थानक, बाजार आणि महाकालेश्वराच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंची वर्दळ अशीच राहिली आहे. परंतु याच भागात १८९० मध्ये स्थापन झालेले आणि ग्वाल्हेरचे राजे माधवराव शिंदे यांचे नाव धारण करणारे माधव महाविद्यालय दीर्घकाळ उभे होते, आणि मध्ययुगीन मराठी साहित्याच्या अध्ययनाचा इतिहास लिहिताना या महाविद्यालयाची वेगळी नोंद करणे आवश्यक ठरते. पुणे, मुंबई आणि नागपूर ही या अध्ययनाची केंद्रे सर्वपरिचित आहेत, वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे ही त्यांतील नावे कोणत्याही अभ्यासक्रमात येतात. उज्जैनचे नाव मात्र त्या यादीत सहसा आढळत नाही. वास्तविक पाहता मराठी संतांना हिंदी संतांच्या शेजारी बसवून वाचण्याचा प्रश्न ज्या व्यक्तींनी विसाव्या शतकात गांभीर्याने मांडला, त्यांपैकी दोघे याच महाविद्यालयाशी जोडलेले होते, आणि हा योगायोग नव्हता. माळव्यात दोन शतके साचत आलेल्या एका सांस्कृतिक परिस्थितीचा तो परिणाम होता.

येथे ‘मध्ययुगीन’ या संज्ञेची कालमर्यादा स्पष्ट करणे इष्ट होईल. मराठी वाङ्मयेतिहासात ही संज्ञा यादवकाळापासून, म्हणजे महानुभाव गद्य आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांच्यापासून, पेशवाईच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १८१८ पर्यंत वापरली जाते, आणि तीत महानुभाव, वारकरी, नाथ, दत्त, समर्थ हे संप्रदाय तसेच पंडिती व शाहिरी कविता यांचा समावेश होतो. पदवीपर्यंतचा विद्यार्थी या साहित्याचे निवडक वेचे वाचतो. पदव्युत्तर पातळीवर मात्र त्याला संहितेच्या उगमाकडे जावे लागते. पोथी कोणी, कोठे आणि कोणत्या शकात नकलून घेतली, दोन पोथ्यांतील पाठभेद कसे उद्भवले, एखादे पद खरोखर त्याच संताचे आहे की नाममुद्रा पाहून पुढच्या पिढीने त्याच्या नावावर चढवले, हे तपासण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. या शास्त्रावाचून मध्ययुगाविषयी केलेली विधाने श्रद्धेची असू शकतात, अभ्यासाची नव्हेत.

उज्जैनमध्ये मराठी भाषा राज्यकर्त्यांबरोबर आली. १७२८ मधील अमझेऱ्याच्या लढाईनंतर माळव्यावरील मोगली पकड सुटत गेली, १७४१ मध्ये पेशव्यांना माळव्याची सनद मिळाली, आणि राणोजी शिंदे यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली. १२३५ मध्ये अल्तमशाने मूळ मंदिर पाडल्यापासून सुमारे पाच शतके लोटली होती. या घटनेच्या काही वर्षे आधी, शके १६४० म्हणजे १७१८ मध्ये, श्रीधर कवींनी बारामतीस ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले होते, आणि स्कंदपुराणातील ब्रह्मोत्तरखंडावर आधारलेल्या त्या ग्रंथात उज्जैनचा राजा चंद्रसेन आणि महाकाळाची भक्ती करणारा गवळ्याचा पोर यांची कथा विस्ताराने आली आहे. म्हणजे माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना उज्जैन हे परके नगर नव्हते. ते त्यांच्या नित्यपाठातील पोथीतून आधीच परिचयाचे झाले होते. पुढे १८१९ मध्ये धुंडीसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसारा’ने भर्तरीनाथ आणि विक्रम यांच्या कथांतून हीच अवंती पुन्हा मराठी घरांत नेली. एखाद्या नगराची वाङ्मयीन प्रतिमा आणि त्याचा राजकीय इतिहास इतक्या जवळून एकमेकांत गुंतल्याची उदाहरणे मराठीत फार नाहीत.

या काळातील सर्वांत महत्त्वाचा, आणि अभ्यासकांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला, दुवा म्हणजे सोहिरोबानाथ आंबिये. १७१४ मध्ये जन्मलेले सोहिरोबा बांदे येथील कुलकर्णी वतन सांभाळणारे गृहस्थ होते. गहिनीनाथांचा अनुग्रह झाल्याची श्रद्धा संप्रदायात आहे, आणि त्या अनुग्रहानंतर त्यांनी चाकरी सोडून दिली. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अद्वयानंद’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अक्षयबोध’ आणि ‘महदनुभवेश्वरी’ ही त्यांची ग्रंथरचना असून त्यांखेरीज त्यांची पदे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. उतारवयात ते उत्तरेकडे निघाले. त्या काळी शिंद्यांच्या फौजेत आणि कारभारात गोमंतकातील सारस्वतांचा मोठा भरणा होता. पेडणे महालातील केरी गावचे जिवबादादा बक्षी हे महादजी शिंदे यांचे नामांकित सेनानी होते, आणि स्वतः रामचंद्रबाबा सुखटणकर याच समाजातील होते. या आप्तसंबंधांच्या वाटेनेच कोकणचा हा नाथपंथी कवी ग्वाल्हेर आणि उज्जैन येथपर्यंत पोहोचला.

महादजी स्वतः भक्तिपर पदे रचीत असत. त्यांनी आपली कविता सोहिरोबांपुढे ठेवली असता सोहिरोबांनी तिची भीडभाड न ठेवता अवहेलना केली, आणि सत्ताधीशाच्या कृपेची आपल्याला गरज नसल्याचे हिंदी पदातून सुनावले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती स्वीकारावयाची. परंतु तिच्यातील एक गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये. कोकणात मराठीत लिहिणाऱ्या कवीने माळव्यात आल्यावर हिंदीत पद रचले, आणि ते त्याच्या मराठी शिष्यांनी तितक्याच आदराने जपले. उज्जैन नगरीत मठ करून राहिलेले सोहिरोबा १७९२ च्या रामनवमीला मठातून निघून गेले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत, असे परंपरा सांगते. उज्जैन ही नाथपंथीयांची जुनी भूमी आहे. भर्तृहरीची गुंफा आणि मत्स्येंद्रनाथांची समाधी म्हणून पूजिले जाणारे स्थान क्षिप्रेच्या काठी आहे. त्यामुळे नाथपंथी कवीने आयुष्याच्या शेवटी येथे मठ करावा, यात संप्रदायाच्या भूगोलाची स्वतःची संगती दिसते.

कालनिर्णयाचे काम किती काटेकोरपणे करावे लागते, हे सोहिरोबांच्याच उदाहरणावरून दाखविता येते. त्यांचा जन्म इसवी सन १७१४ चा, आणि त्यांच्या अंतर्धानाची रामनवमी १७९२ ची, म्हणजे शके १७१४ ची. एकच आकडा एका कालगणनेत जन्मवर्ष आणि दुसरीत निर्वाणवर्ष ठरत असल्यामुळे, शक की सन हे न लिहिता नुसता आकडा नोंदविणाऱ्या टिपणाने सहज घोटाळा होऊ शकतो. त्यात उज्जैनमध्ये तिसरी कालगणना येते : तीच रामनवमी विक्रम संवत १८४९ ची. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळविले की इसवी सन येतो, चैत्रादी विक्रम संवतातून ५७ वजा करावे लागतात, आणि वर्षाअखेरच्या महिन्यांत या दोन्ही संख्या एकाने बदलतात.

याहून सूक्ष्म अडचण महिन्यांची आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, त्यास अमान्त पद्धती म्हणतात. माळव्यासह उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, त्यास पूर्णिमान्त पद्धती म्हणतात. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हींकडे एकच राहते, परंतु कृष्ण पक्षाचे नाव बदलते, म्हणून महाशिवरात्र मराठी पंचांगात माघ वद्य चतुर्दशीला आणि हिंदी पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला येते, रात्र मात्र एकच असते. आता उज्जैनमध्ये राहणाऱ्या मराठी लेखकाने, म्हणजे पोथीची नक्कल करणाऱ्याने, ग्रंथाच्या शेवटी ‘फाल्गुन वद्य’ असे लिहिले असेल, तर ती तिथी कोणत्या पद्धतीने मोजावयाची? उत्तर चुकले तर तारीख एका महिन्याने हुकते. पोथीच्या शेवटच्या पानावरील या मजकुराला पुष्पिका म्हणतात, आणि लिहिणाऱ्याचे नाव, गाव, शक, संवत्सर, तिथी, वार यांपैकी जे काही तीत असेल ते एकमेकांशी ताडून पाहिल्यावाचून तिचा उपयोग करता येत नाही; विशेषतः वार दिलेला असेल तर दोन संभाव्य तारखांपैकी खरी कोणती ते बहुधा ठरविता येते. पुण्यात बसून पुण्याच्या पोथ्या वाचणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न क्वचितच येतो. उज्जैनमध्ये तो पहिल्याच दिवशी येतो, आणि त्यामुळे विद्यार्थी आपसूक सावध बनतो.

अशा पोथ्या वाचण्यासाठी नगरात साधनही उपलब्ध होते. ग्वाल्हेर संस्थानच्या आश्रयाने १९३१ मध्ये येथे प्राच्य ग्रंथांचा संग्रह सुरू झाला, आणि पुढे सिंधिया प्राच्य शोध प्रतिष्ठान या नावाने ओळखली जाणारी ही संस्था विक्रम विद्यापीठाचा भाग बनली. सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी तेथील हस्तलिखितांच्या सूचीसाठी केलेले काम संस्कृत अभ्यासकांना परिचित आहे. रुमालात बांधलेली सुटी पाने, दोन्ही बाजूंस आखलेले तांबडे समास, चुकलेल्या अक्षरावर लावलेली पिवळी हरताळ आणि समासात दुसऱ्या हाताने भरलेला सुटलेला चरण, या खुणा वाचता आल्या म्हणजे पोथी किती जणांच्या हातांतून गेली ते कळते. हरताळेखालचे मूळ अक्षर पुष्कळदा उजेडाकडे तिरपे धरले असता दिसते, आणि लेखकाने कोणता शब्द ऐकून कोणता लिहिला, याचा पुरावा त्या पुसलेल्या अक्षरातच सापडतो.

दोन भाषांतील देवाणघेवाण हा काही आधुनिक संशोधकांनी लावलेला शोध नव्हे. मध्ययुगालाच तिचे भान होते. ताहराबादच्या महिपतींनी शके १६८४ म्हणजे १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ रचला, तेव्हा त्यांनी आपल्या आधारग्रंथांची नावे स्वच्छपणे सांगितली : एक उद्धवचिद्घनांची संतचरित्रे, आणि दुसरा नाभाजींचा ग्रंथ. नाभादासांची ‘भक्तमाल’ ही ब्रज भाषेतील रचना महिपतींना ग्वाल्हेरी भाषेतील म्हणून माहीत होती. कबीर, मीराबाई, रोहिदास, नरसी मेहता यांच्या कथा मराठी कीर्तनात रुजल्या त्या मुख्यतः या वाटेने. उलट दिशेचा प्रवास त्याहून जुना आहे. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या ‘गुरू ग्रंथसाहिबा’त समाविष्ट आहेत, आणि त्या ग्रंथाची पहिली संहिता १६०४ मध्ये सिद्ध झाली, नामदेवांच्या नावावरील मराठी गाथेच्या पुष्कळशा उपलब्ध हस्तलिखितांपेक्षा ही तारीख आधीची आहे. याचा सरळ अर्थ असा की, मराठीच्या एका आद्य संतकवीच्या पाठचिकित्सेसाठी पंजाबातील संहिता टाळून चालत नाही. तरीही मराठीचा विद्यार्थी ती पदे सहसा वाचीत नाही आणि हिंदीचा विद्यार्थी नामदेवांचे अभंग वाचीत नाही.

माधव महाविद्यालयातील परिस्थिती या दृष्टीने वेगळी होती. विद्यापीठीय परीक्षांच्या दृष्टीने ग्वाल्हेर संस्थानातील महाविद्यालये १९२७ मध्ये स्थापन झालेल्या आग्रा विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडत असत, त्यामुळे अभ्यासक्रम उत्तरेचा असे. अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यात मात्र मराठी भाषकांचे प्रमाण मोठे होते. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, बाजारात माळवी आणि साहित्यात हिंदी, असा चार भाषांचा व्यवहार तेथील मराठी तरुण दररोज करीत असे. १९१७ मध्ये ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे १९३८ च्या सुमारास येथे अध्यापक म्हणून आले आणि सुमारे दहा वर्षे राहिले. १९१७ मध्येच श्योपुरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध यांचे वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते, आणि इंटरमिजिएटपर्यंतचे त्यांचे शिक्षण माधव महाविद्यालयात झाले. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादिलेल्या ‘तार सप्तक’ या सात कवींच्या संग्रहात हे दोघेही होते. आधुनिक हिंदी कवितेला वळण देणाऱ्या त्या सातांत दोघांची मातृभाषा मराठी होती, ही गोष्ट महाराष्ट्रात पुरेशा अभिमानाने सांगितली जात नाही. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मात्र मराठीतच लिहिले, आणि मराठी कविता व समीक्षा या दोन्हींत त्यांचे स्थान पक्के आहे.

माचव्यांनी पुढे पीएच.डी.साठी निवडलेला विषय त्यांच्या उज्जैनच्या वर्षांशी सुसंगत होता : हिंदी आणि मराठी निर्गुण संतकाव्य. निर्गुण म्हणजे रूपगुणांच्या पलीकडील परमतत्त्वाची उपासना. कबीर, दादू यांची परंपरा ती हीच. मराठीत मात्र निर्गुण आणि सगुण अशी सरळ फाळणी करता येत नाही, कारण विठ्ठलाच्या मूर्तीपुढे उभा राहून अद्वैत सांगणारा वारकरी या दोन खणांपैकी कोणत्याही एकात पूर्णपणे बसत नाही. हिंदीतील वर्गीकरण मराठीला लावून पाहिले म्हणजे वर्गीकरणाच्याच मर्यादा उघड होतात, आणि तौलनिक अभ्यासाचा खरा लाभ हाच असतो. त्याच सुमारास नागपूरच्या विनयमोहन शर्मा यांचा ‘हिंदी को मराठी संतों की देन’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी संतांच्या हिंदी रचनेचा इतका पद्धतशीर धांडोळा तोवर मराठीतही घेतला गेला नव्हता.

मुक्तिबोधांचा मार्ग निराळा होता. त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम.ए. ही पदवी वयाच्या पस्तिशीनंतर, संसार आणि नोकरी सांभाळून मिळविली, आणि त्यानंतर लवकरच १९५५ मध्ये ‘मध्ययुगीन भक्ति-आन्दोलन का एक पहलू’ हा निबंध लिहिला. भक्ती आंदोलन खालच्या मानलेल्या जातींतून का उठले, त्यातील सामाजिक बंडाची धार पुढे बोथट कशी झाली, आणि रामभक्तीच्या प्रवाहात शूद्र मानलेल्या जातींतून मोठे कवी का निर्माण झाले नाहीत, असे प्रश्न त्यांनी त्यात विचारले. आणि ते विचारताना महाराष्ट्रातील संतांचा दाखला त्यांच्या नजरेसमोर सतत होता. शिंपी, कुंभार, माळी, न्हावी आणि महार संतांची मालिका ज्याने घरात ऐकली आहे, त्यालाच तुलसीदासांच्या परंपरेतील ही अनुपस्थिती इतक्या तीव्रतेने जाणवू शकते. काही पानांचा हा निबंध आजही हिंदीच्या पदव्युत्तर वर्गांत वादाचा विषय ठरतो. त्यातील सर्वच निष्कर्ष पुढील संशोधनाने मान्य केलेले नाहीत; तथापि दोन भाषांचे मध्ययुग एका दृष्टिक्षेपात घेण्याचे जे धाडस त्यात आहे, ते मोठमोठ्या प्रबंधांतही दुर्मीळ आहे.

१ मार्च १९५७ रोजी विक्रम विद्यापीठाची स्थापना झाली आणि उज्जैनमधील पदव्युत्तर अध्ययनाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. ‘सूरसागरा’चे संपादन करणारे नंददुलारे वाजपेयी १९६५ पासून १९६७ मधील निधनापर्यंत येथे कुलगुरू होते, त्यानंतर माधव महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले कवी शिवमंगल सिंह ‘सुमन’ त्या पदावर आले. तंत्र आणि संतसाहित्य यांचा संबंध उलगडणारे राममूर्ती त्रिपाठी हिंदी विभागात होते, तर भीमबेटकाच्या शैलचित्रांचा शोध लावणारे विष्णु श्रीधर वाकणकर पुरातत्त्वाच्या बाजूने याच नगरीत कार्यरत होते. विद्वत्तेची उणीव नव्हती. परंतु विद्यापीठीय रचनेत प्रत्येक भाषेला स्वतंत्र विभाग आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र प्रश्नपत्रिका, ही व्यवस्था देशभर स्थिरावली आणि तिच्या काटेकोर सीमांमुळे जुनी मोकळीक राहिली नाही. एम.ए. हिंदीच्या मध्ययुगीन काव्यात कबीर, जायसी, सूर, तुलसी, बिहारी येतात, एम.ए. मराठीच्या मध्ययुगीन वाङ्मयात महानुभाव, वारकरी, पंडित, शाहीर येतात. आणि नामदेव, एकनाथ, सोहिरोबानाथ यांच्या हिंदी रचना या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बेवारस राहतात. प्रशासकीय सोयीसाठी आखलेल्या रेषेने संतांची अर्धी वाणी अभ्यासाबाहेर ठेवावी, ही मराठी विद्वत्तेच्या दृष्टीने हानीच म्हटली पाहिजे.

ही रेषा संगीताने पाळली नाही, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. देवास गेटवरून निघणारा रस्ता ज्या देवासला जातो, तेथे १९४८ मध्ये कुमार गंधर्व क्षयाच्या उपचारासाठी येऊन राहिले, आणि माळव्यातील नाथपंथी गायकांकडून ऐकलेली निर्गुणी भजने त्यांनी कबीराच्या पदांतून उभी केली. त्याच कंठाने त्यांनी तुकारामही गायिला. श्रोत्यांनी त्यात भाषेची अडचण कधी मानली नाही.

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासमंडळांनी करावयाचे काम फार खर्चाचे नाही. मध्ययुगीन साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत मराठी संतांच्या हिंदी पदांचा एक घटक, ‘गुरू ग्रंथसाहिबा’तील नामदेवांच्या मूळ पदांचे देवनागरी लिप्यंतर, मोडी आणि पुष्पिकावाचनाचा सक्तीचा सराव, आणि नर्मदेपलीकडील हस्तलिखितसंग्रहांना किमान एक अभ्यासभेट, एवढी तरतूद कोणतेही विद्यापीठ आपल्या अधिकारात करू शकते. सोहिरोबानाथांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय गोव्यात पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे आहे, आणि त्यांनी जेथे मठ केला त्या उज्जैनमध्ये हस्तलिखितांचा एवढा मोठा संग्रह आहे. त्यांच्या मराठी आणि हिंदी पदांची पाठभेदांसह एकत्रित चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम या दोन टोकांच्या अभ्यासकांनी मिळून हाती घ्यावे.